उल्काताईंची करंगळी

पुण्यात गिटार वाजवणारी माणसं आता गल्लोगल्ली सापडतात, पण त्यांतला उल्काताईंचा विद्यार्थी लांबूनही ओळखू येतो. त्याच्या डाव्या हाताची करंगळी आत दुमडलेली असते. तीन बोटं तारांवर राबत असतात आणि करंगळी मात्र लग्नाचं आमंत्रण न मिळालेल्या नातेवाइकासारखी बाजूला बसलेली असते. कुणी विचारलंच, तर विद्यार्थी जरा तोऱ्यात सांगतो, "आमच्या ताईंची पद्धत आहे ती." ताईंचं माहेर कसबा पेठेतलं, म्हणून दोघा उत्साही विद्यार्थ्यांनी या पद्धतीला 'कसबा घराणं' असं नावही देऊन टाकलं होतं.

पद्धतबिद्धत काही नव्हती. ती करंगळी १९८४ साली स्वारगेटला मॅटाडोर गाडीच्या दारात सापडली होती.

त्या वेळी उल्का पंचविशीत होती. दिवसा एका विमा कंपनीच्या कचेरीत टायपिस्ट आणि संध्याकाळी रंगरावांच्या ऑर्केस्ट्रात गिटारवादक. रंगराव लष्करी बँडमधून निवृत्त झालेले. मिशा लष्करी, शिस्त लष्करी, पण मन एखाद्या हलवायासारखं, सतत कुणाला तरी काहीतरी गोड देण्याच्या खटपटीत. बँडमध्ये ते स्टाफ नोटेशन शिकले होते. पाच ओळींवर काळे ठिपके मांडायचे आणि ते वाचून वाजवायचं, ही विद्या त्यांनी उल्काला दिली. पेठेतल्या बायकांना हे सगळंच नवलाचं होतं. मुलीनं पेटी वाजवावी, फार तर सतार. हे गळ्यात पट्टा अडकवून उभं राहणं कुठून काढलं, असं त्या उल्काच्या आईला विचारत, आणि आई म्हणे, "तुमच्याकडे ऐकू येतं ना घरबसल्या? मग तिकीट काढा."

रंगरावांनी उल्कासाठी म्हणून एक धून लिहिली. कार्यक्रम सुरू होताना, पडदा हळूहळू उघडत असताना, बाकी सगळे गप्प आणि एकटी गिटार. धुनेचं नावच त्यांनी 'पडदा' ठेवलं. साताऱ्याच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा वाजणार होती. उल्कानं ती इतकी घोटली की कचेरीत टाइप करतानाही तिची डावी बोटं मधेच टेबलावर 'पडदा' वाजवायची. मग साताऱ्याला निघायच्या दिवशी स्वारगेटला सामान चढवताना कुणीतरी मॅटाडोरचं मागचं दार आपटून लावलं, आणि उल्काचा हात अजून तिथेच होता.

हाड जुळलं. पण सांधा आखडला तो कायमचा. करंगळी दिसायला बरी दिसे, तारेवर दाब मात्र देईना. साताऱ्याला 'पडदा' अकॉर्डियनवर वाजला. दोन-तीन महिन्यांनी उल्कानं घरी दार लावून ती धून वाजवून पाहिली. पहिल्याच पानाच्या मध्यावर एक जागा होती. खालचा जाड सूर पहिल्या बोटानं धरून ठेवायचा आणि वरचा बारीक सूर करंगळीनं चार फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या चार पट्ट्या, पुढे जाऊन घ्यायचा. तिथे हात अडला. पुन्हा अडला. तिसऱ्यांदा अडल्यावर उल्का रडली, तिनं ते कागद कपाटात तळाशी टाकले आणि ठरवलं की यांचं तोंड पुन्हा पाहायचं नाही. ऑर्केस्ट्रा बंद करताना रंगरावांनी आपली सगळी नोटेशनं तिच्या स्वाधीन केली. तिनं ती त्याच कागदांवर ठेवून जुन्या साडीच्या काठानं गाठोडं बांधलं. त्या गाठीला पुढे कित्येक वर्षं कुणी हात लावला नाही.

गिटार मात्र तिनं सोडली नाही. हे तिच्या स्वभावाला धरूनच झालं. टायपिंगमध्ये डाव्या करंगळीकडे 'ए' हे अक्षर असतं. उल्का ते शेजारच्या बोटानं मारू लागली, आणि साहेबांना पत्रात 'ए' दिसल्याशी मतलब. गिटारवरही तिनं तेच केलं. गिटारचा एक मोठा गुण असा की तिच्यावर एकच सूर बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणी सापडतो, या तारेवर इथे, त्या तारेवर तिथे. चार बोटांची माणसं जवळची जागा घेतात. उल्का तीन बोटांना सोयीची जागा शोधू लागली. वरच्या फ्रेटवर जा, मोकळी तार मधेच घे, जाड तारेवर सरक. काही वर्षांनी तिला हे शोधावंही लागेना. हात आपोआप तिकडे वळायचा.

नव्वदनंतर घराघरात केबल आली, एक कीबोर्डवाला सात जणांचं काम करू लागला आणि ऑर्केस्ट्रे एकेक करून झोपले. पण त्याच वाऱ्यानं पुण्यात कॉम्प्युटर कंपन्या आणल्या, पोरांच्या हातात पगार आले आणि प्रत्येकाला वाटू लागलं की आपण गिटार शिकावी. तोवर उल्का लग्न होऊन कर्वेनगरला राहायला आली होती, उल्काताई झाली होती. शनिवार-रविवार सकाळी सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत तिचा क्लास भरू लागला. यजमान श्रीनिवासराव शाळेत भूगोल शिकवायचे. ते म्हणत, "आमच्या घरात दोन मास्तर. एक नकाशे काढतो आणि एक टॅब."

टॅब म्हणजे गिटारचा नकाशाच. स्टाफ नोटेशन सांगतं कुठला सूर वाजवायचा, टॅब सांगतो बोट कुठे ठेवायचं. सहा तारांच्या सहा ओळी आणि त्यांवर फ्रेटचे आकडे. नोटेशन वाचायला वर्ष जातं, टॅब आठवड्यात येतो. म्हणून उल्काताई कचेरीतून रद्दीत जाणारे कॉम्प्युटरचे कागद आणायच्या, दोन्ही कडांना भोकं असलेले, आणि पाठकोऱ्या बाजूला वर पाच ओळींचं नोटेशन, खाली सहा ओळींचा टॅब असं प्रत्येक विद्यार्थ्याला हातानं लिहून द्यायच्या. गाणं कुठलंही असो, खालचे आकडे ताईंच्या हाताचे. अर्थात तीन बोटांचे. विद्यार्थी ते वाजवत, करंगळीला काम नसे, आणि ताईंचं पाहून तेही ती दुमडून ठेवत.

ताईंच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण सांगायचं तर स्वारगेटपासून सांगावं लागलं असतं, आणि कुणी "अरेरे" म्हटलेलं ताईंना अजिबात खपत नसे. शिवाय पोरं वाजवत होती चांगली. मग कशाला?

उत्तरेश्वर या क्लासात आला तो तिशी उलटल्यावर. मूळचा लातूरकडचा, नोकरी हिंजवडीच्या एका कंपनीत, राहायला कर्वेनगरातच. त्याचं काम मशीन लर्निंगचं, म्हणजे यंत्राला नियम न सांगता ढीगभर उदाहरणं दाखवायची आणि त्यातून त्यानं स्वतःच शिकायचं. श्रीनिवासरावांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या सातवी ब सारखं. फक्त हे शिकतं."

२०१९ साली ताईंनी साठी गाठली, नोकरी संपली, आणि त्याच उन्हाळ्यात दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बारीक लिहिणं काही महिने बंद करायला सांगितलं. टॅब मिळेनात म्हणून क्लास अडून बसला. तेव्हा उत्तरेश्वर म्हणाला, "ताई, तुम्ही आजवर लिहिलेलं सगळं मला द्या. वर नोटेशन, खाली टॅब, अशी जोडी यंत्राला दाखवतो. ते शिकलं की नुसतं नोटेशन टाकायचं, टॅब तेच काढून देईल."

"माझ्यासारखा?"

"प्रयत्न करायलोय म्हणा."

"प्रयत्न सगळेच करतात. कर."

जुन्या विद्यार्थ्यांना निरोप गेले. कुणी कोथरूडहून, कुणी कॅलिफोर्नियाहून त्या भोकवाल्या कागदांचे फोटो पाठवले. एकानं तर ताईंचा टॅब चौकट करून भिंतीवर लावला होता, तो काचेसकट आला. उत्तरेश्वरनं रोज ऑफिसमधून आल्यावर ते सगळं यंत्राच्या गळी उतरवलं. आता परीक्षा घ्यायला त्याला यंत्रानं कधीच न पाहिलेली नोटेशनं हवी होती. तो विचारायला आला तेव्हा ताई डॉक्टरांकडे गेल्या होत्या. श्रीनिवासराव घरी होते. त्यांना एवढं ठाऊक होतं की कपाटात तळाशी रंगरावांचं गाठोडं आहे. त्यांनी ते धूळ झटकून, गाठीसकट, उत्तरेश्वरच्या हातात ठेवलं.

पुढच्या रविवारी क्लास संपल्यावर उत्तरेश्वर लॅपटॉप घेऊन ताईंच्या घरी आला. चेहरा पडलेला.

"ताई, यंत्र चुकायलंय."

"सूर चुकतंय?"

"सूर नाही. सूर अगदी बरोबर आहेत. ऑफिसात एक जण चांगला गिटार वाजवतो. त्याला टॅब दाखवले, तर तो हसायला लागला. म्हणाला, तुझ्या यंत्राला चौथं बोट असतं हे माहीतच नाही. जवळची जागा सोडून लांब पळतंय. मग मी तपासलं. खरंच की ताई. शेकडो कागद काढले यंत्रानं, करंगळी लागेल अशी जागा एकदाही घेतली नाही. मला आधी दिसलंच नाही ते, कारण मीही आपल्याच क्लासात शिकलोय ना." तो ओशाळून हसला. "कुठेतरी माझी चूक झालीय. हे सगळं पुसून टाकतो. नेटवर जगभरच्या लोकांचे लाखो टॅब आहेत, त्यांच्यावर नव्यानं शिकवतो. ही काही नमुन्याची पानं छापून आणली होती, बघा, काय गोंधळ झालाय ते कळेल."

ताईंनी चष्मा लावून पहिला कागद हातात घेतला. वर यंत्रानं छापलेलं नोटेशन होतं. पण मूळ कागदाच्या कोपऱ्यातले शब्द त्यानं तसेच उचलले होते: 'पडदा. उल्कासाठी.'

"अहो," ताईंनी आत हाक मारली, "हे याला कुणी दिलं?"

"मी," श्रीनिवासराव बाहेर येत म्हणाले. "त्यानं जुनी नोटेशनं मागितली, मी गाठोडं दिलं. आतला माल तपासून द्यायला मी काय जकात नाक्यावर बसलोय?"

ताईंची नजर टॅबवर होती. पहिली ओळ, दुसरी ओळ. डाव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलू लागली होती. मध्यावरची ती जागा आली. रंगरावांना अभिप्रेत होतं ते पाचव्या तारेवर तिसरं फ्रेट आणि पहिल्या तारेवर सातवं. चार फ्रेटचं अंतर. यंत्रानं खालचा सूर पाचव्या तारेवर घेतलाच नव्हता. सहाव्या तारेवर, आठव्या फ्रेटवर घेतला होता. तोच सूर. आणि आठव्याच्या शेजारी सातवं. दोन बोटं, शेजारी शेजारी.

ताईंना एकाच वेळी हसू आलं आणि स्वतःचा संतापही. इतकं सोपं. या जाड तारेवर सरकण्याच्या युक्त्या त्यांनी गेली पंचवीस वर्षं दर आठवड्याला पोरांना लिहून दिल्या होत्या. स्वतःच्या धुनेला मात्र त्या कधी लावून पाहिल्या नव्हत्या, कारण ते कागद त्यांनी उघडलेच नव्हते. यंत्राला स्वारगेट माहीत नव्हतं. कुठल्या कागदाला घाबरायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून त्यानं इतर कागदांसारखाच हाही सोडवून टाकला.

"पुढची पानं?" त्यांनी विचारलं.

"ती अजून काढली नाहीत. शाई फिकी आहे, फोटो नीट येईना गेलेत. आता नव्या यंत्रातूनच काढतो एकदम."

"नाही."

"ताई?"

"याच यंत्रातून काढायची. काही पुसायचं नाही."

"पण हे चुकीचं—"

"उत्तरेश्वर, गिटार आण आतून."

त्यानं आणली. ताईंनी पानभर 'पडदा' वाजवला. अडखळत, थांबत, पण वाजवला. ती जागा आली आणि हात सातव्या-आठव्या फ्रेटवर असा जाऊन बसला, जसा काही रोजचा रस्ता असावा. शेवटचा सूर विरला तेव्हा श्रीनिवासराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती, आणि ही धून त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"काय आहे हे?" त्यांनी हळूच विचारलं.

मग ताईंनी सांगितलं. साताऱ्याचा कार्यक्रम, मॅटाडोरचं दार, अकॉर्डियन. श्रीनिवासरावांना दार माहीत होतं, धून माहीत नव्हती. उत्तरेश्वरला काहीच माहीत नव्हतं. तो आधी ताईंच्या करंगळीकडे पाहत राहिला, मग स्वतःच्या दुमडलेल्या करंगळीकडे, आणि मग त्यानं कपाळावर हात मारला.

"म्हणजे यंत्र चुकलंच नाही. ते तुमचा हात शिकलंय."

"हात शिकलं ते ठीक आहे," ताई म्हणाल्या, "आता डोकंही शिकव त्याला."

कारण पुढची पानं आली ती अगदी निर्दोष नव्हती. एका ठिकाणी यंत्रानं एकाच तारेवर एकाच वेळी दोन सूर मागितले होते. ताई म्हणाल्या, "याला म्हणावं, तार कापून दोन कर आणि वाजवून दाखव." शाई पुसट होती तिथे त्यानं सूर मनानेच घातले होते. ते ताईंनी रंगरावांचा मूळ कागद खिडकीच्या उजेडात धरून दुरुस्त केले, आणि कधीकधी नुसत्या आठवणीनं. एक जागा यंत्रालाही सुटेना. तिथे ताईंनी मोकळी तार घातली, आणि उत्तरेश्वरनं तो टॅबही यंत्राला दाखवून ठेवला. दिवाळी त्यात गेली. फराळाला आलेल्या पाहुण्यांना श्रीनिवासराव दारातच बजावत, "चकली घ्या, पण आवाज न करता खा. आत तालीम चाललीय."

क्लासाचं वार्षिक संमेलन डिसेंबरात असायचं. कर्वेनगरातलंच एक छोटं सभागृह. दर वर्षी ताई सुरुवातीला दोन शब्द बोलत आणि खाली जाऊन बसत. एकटीनं त्या कधीच वाजवत नसत. या वर्षी त्यांनी सभागृहवाल्याला विचारलं की पडदा चालतो का. तो म्हणाला, चालतो, पण कुरकुरतो. "कुरकुरू दे," ताई म्हणाल्या. "हळू ओढा म्हणजे झालं."

गेल्या पंचवीस वर्षांतले विद्यार्थी जमले होते. केस पिकलेले, पोट सुटलेले, काही आपल्या मुलांना घेऊन आलेले. दिवे मंदावले. पडद्यामागून गिटारचे पहिले सूर आले आणि मग तो जुनाट लाल पडदा कुरकुरत बाजूला सरकू लागला. स्टेजवर खुर्चीत ताई, खाली मान, तीन बोटं तारांवर. ती जागा आली, गेली, आणि ताईंना कळलंही नाही की ती गेली. इतका आनंद त्यांना उभ्या आयुष्यात कशाचा झाला नव्हता. धून संपली तेव्हा पडदा पूर्ण उघडला होता, रंगरावांनी लिहिलं होतं अगदी तसा.

टाळ्या बराच वेळ थांबेनात. पुढच्या रांगेत श्रीनिवासराव उगीचच चष्मा पुसत बसले होते. ताईंनी माइक घेतला. त्यांनी धुनेबद्दल सांगितलं, रंगरावांबद्दल सांगितलं, उत्तरेश्वरला उभं करून त्याच्या यंत्राबद्दल सांगितलं. खाली बसलेल्या एकानं, त्या कसबा घराणंवाल्या दोघांपैकीच, भारावून हात वर केला.

"ताई, आज सगळ्यांसमोर एकदा सांगाच. करंगळी दुमडण्यामागचं तत्त्व काय?"

लोक ऐकायला पुढे सरकले. ताईंनी डावा हात उंच धरला.

"स्वारगेटला मॅटाडोरच्या दारात सापडली," त्या म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी साली. तेव्हापासून चालत नाही."

कुणी "अरेरे" म्हणालं नाही. कुणाला ते सुचलंच नाही. सगळे आपापल्या डाव्या हाताकडे पाहत होते. इंजिनिअर, डॉक्टर, बँकेतले अधिकारी, पंचवीस वर्षं धडधाकट करंगळी आत घेऊन बसलेली माणसं. मागून कुठूनतरी हसू फुटलं आणि सगळ्या सभागृहभर पसरलं. ताईंनी ते ओसरू दिलं.

"तुमच्यापैकी कुणाची सापडली होती का दारात?"

"नाही," सगळे म्हणाले.

"मग उघडा."

आणि त्या भरलेल्या सभागृहात सगळ्यांनी एकदम करंगळ्या उघडल्या.